एन१ए मातृवंश : युरोपच्या आद्य शेतकऱ्यांचा लोपत गेलेला वारसा

आजच्या युरोपात एक हजार माणसांचा मातृवंश तपासला, तर त्यांत चारशेच्या आसपास माणसे 'एच' ह्या एकाच वंशाची निघतील. 'एन१ए' ह्या वंशाची माणसे मात्र सरासरीने दोनच सापडतील. इतक्या विरळ वंशाची विशेष दखल घेण्याचे काही कारण नव्हते, आणि बराच काळ ती कोणी घेतलीही नव्हती. परंतु २००५ मध्ये मध्य युरोपातील सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या अस्थींची तपासणी झाली, तेव्हा ज्या २४ व्यक्तींचे डीएनए वाचता आले त्यांपैकी ६ व्यक्ती ह्याच वंशाच्या आहेत असे दिसून आले. आज हजारी दोन आणि त्या काळी चारांत एक, ही तफावत लहान नव्हे. हा वंश कोठून आला, कोठवर पसरला आणि कशाने ओसरला, ह्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्याबरोबरच, एखाद्या वंशाच्या इतिहासावरून लोकसमूहाच्या इतिहासाविषयी किती बोलता येते, ह्या अधिक व्यापक प्रश्नाकडेही लक्ष वेधावयाचे आहे.

१. मातृवंश म्हणजे काय?

मानवी पेशीतील बहुतेक डीएनए केंद्रकात असते आणि ते माता व पिता अशा दोघांकडून येते. पेशीतील तंतुकणिकांचे डीएनए त्याहून वेगळे. ते वर्तुळाकार असून त्याची लांबी अवघी १६,५६९ क्षारकजोड्यांची आहे, आणि ते अपत्याला केवळ मातेकडून मिळते. पुत्राला ते मिळते, पण तो ते पुढे देऊ शकत नाही. आपल्याकडील गोत्र जसे पित्याकडून पुत्राकडे चालते, तशीच ही परंपरा मातेकडून कन्येकडे चालते, असे म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच की गोत्र हा सामाजिक संकेत आहे, तर ही परंपरा शारीर आहे. मातृवंश ह्या शब्दाचा मातृसत्ताक समाजरचनेशी काही संबंध नाही, हेही येथेच सांगून ठेवावयास हवे.

ह्या डीएनएच्या प्रती काढल्या जात असताना क्वचित एखादा क्षारक बदलतो. तो बदल पुढील सर्व कन्यापरंपरेत उतरतो. असे बदल ताडून पाहिले म्हणजे कोणती शाखा कोणत्या शाखेतून फुटली ते ठरविता येते, आणि बदलांचा सरासरी वेग गृहीत धरून फाटा फुटण्याचा काळही अंदाजता येतो. कॅन, स्टोनकिंग व विल्सन ह्यांनी १९८७ मध्ये ह्याच रीतीने १४७ व्यक्तींच्या नमुन्यांवरून मानवजातीच्या मातृवंशवृक्षाचे मूळ आफ्रिकेत असल्याचे दाखविले.

नामाभिधानाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. वंशवृक्षाची आज जी मांडणी रूढ आहे, तीत युरोपात तुलनेने अधिक आढळणारा 'आय' हा वंशदेखील एन१ए च्याच पोटात येतो. २००५ च्या सुमारास एन१ए ह्या नावाने जी शाखा अभिप्रेत होती, तिला आता काटेकोरपणे एन१ए१ए म्हणतात. प्रस्तुत लेखात एन१ए हे नाव त्या जुन्या, मर्यादित अर्थानेच वापरले आहे.

२. वादाची पार्श्वभूमी

युरोपातील शेती ही स्थानिक उपज नव्हे. गहू, जव, शेळी व मेंढी ह्यांचे वन्य पूर्वज पश्चिम आशियातील आहेत. व्ही. गॉर्डन चाइल्ड ह्यांनी १९२५ च्या 'द डॉन ऑफ युरोपियन सिव्हिलायझेशन' ह्या ग्रंथात पूर्वेकडून युरोपकडे आलेल्या ह्या प्रवाहाचे विवेचन केले आहे. वाद होता तो निराळ्याच मुद्द्यावर. पश्चिमेकडे सरकले ते शेतकरी, की केवळ शेती? स्थलांतर झाले ते माणसांचे, की बी-बियाण्यांचे व कौशल्याचे?

अ‍ॅमरमन व काव्हाली-स्फोर्झा ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात कार्बन-१४ पद्धतीने काढलेले काळ नकाशावर मांडले. शेतीची आघाडी वर्षाला सरासरी सुमारे एक किलोमीटर ह्या वेगाने सरकली, असे त्यांना आढळले. त्यांच्या मते हा वेग माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या संथ पांगण्याशी जुळणारा होता. ह्याउलट मार्टिन रिचर्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हयात युरोपीयांच्या मातृवंशांचे काळ अंदाजले आणि त्यांपैकी बहुतेक वंश शेतीपूर्व, म्हणजे पुराश्मयुगापासूनचे आहेत, असे प्रतिपादन केले. तसे असेल, तर आजचे युरोपीय लोक हे मुख्यतः शेती उचलणाऱ्या शिकाऱ्यांचेच वंशज ठरतात.

दोन्ही पक्षांच्या पुराव्यात एक समान उणीव होती. जननिक पुरावा सर्व हयात माणसांचा होता आणि त्यावरून भूतकाळाचे अनुमान केले जात होते. प्रत्यक्ष त्या काळातील माणसांची साक्ष घेतल्याखेरीज निर्णय होणे शक्य नव्हते.

३. २००५ चा पुरावा आणि त्याचा अर्थ

ही साक्ष घेण्यासाठी वोल्फगांग हाक, योआखिम बुर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्यतः रेखांकित मृत्पात्र संस्कृतीचे सांगाडे निवडले. ही संस्कृती इ. स. पू. ५५०० च्या सुमारास हंगेरी-ऑस्ट्रियाच्या परिसरात उदयास आली आणि काही शतकांतच पॅरिसच्या खोऱ्यापर्यंत पोहोचली. सुपीक लोएस मातीच्या पट्ट्यात वस्ती, लांबलचक लाकडी घरे, एमर व आइनकॉर्न गव्हाची शेती आणि रेघांच्या नक्षीची भांडी ही तिची ओळख होय. जर्मनी, ऑस्ट्रिया व हंगेरी ह्या देशांतील १६ स्थळांवरील ५७ सांगाड्यांपैकी २४ तून विश्वसनीय डीएनए मिळाले. त्यांतील १८ व्यक्तींचे वंश आजही युरोपात वा पश्चिम आशियात सर्रास आढळणारे असल्याने त्यांवरून फारसे काही ठरत नव्हते. उरलेल्या ६ एन१ए व्यक्तींनी मात्र सर्वांचे लक्ष वेधून घेतले.

संशोधकांनी केलेला युक्तिवाद असा. चारांत एक असणारा वंश केवळ योगायोगाने हजारी दोनवर येणे गणिताने जवळजवळ अशक्य ठरते. तेव्हा ह्या शेतकरी स्त्रियांचा वारसा आजच्या युरोपीयांत अत्यल्पच असला पाहिजे. शेतकऱ्यांच्या लहान तुकड्या आल्या, भोवतालच्या शिकारी लोकांनी शेती उचलली आणि त्यांच्या संख्येत मूळ शेतकरी बुडून गेले. सारांश, आजचे युरोपीय मातृवंशाने पुराश्मयुगीनच होत.

ह्यातील पहिली पायरी बळकट होती, दुसरी तशी नव्हती. 'शेतकरी नव्हेत, म्हणून शिकारी' हा निष्कर्ष तेव्हाच निघतो, जेव्हा पर्याय दोनच असतील. शिकाऱ्यांचे मातृवंश तोवर कोणी पुरेसे पाहिले नव्हते. २००९ मध्ये बार्बारा ब्रामांती व सहकाऱ्यांनी मध्य व उत्तर युरोपातील शिकारी लोकांच्या २० सांगाड्यांची तपासणी केली. त्यांत 'यू' वंशाच्या शाखांचे, विशेषतः यू५ चे, प्राबल्य आढळले. एन१ए त्यांत नव्हता, आणि आज बहुसंख्य असलेला एच वंशही त्यांत नव्हता. म्हणजे शिकारी शेतकऱ्यांहून भिन्न होते आणि आजचे युरोपीय ह्या दोहोंहून भिन्न होते. दोन पर्यायांची चौकट अपुरी असल्याचे ह्यावरून स्पष्ट झाले.

४. उगम आणि प्रसार

एन१ए युरोपातील शिकाऱ्यांचा नसेल, तर तो बाहेरून आला असला पाहिजे. ह्याचा प्रत्यक्ष पुरावा पुढे क्रमाक्रमाने हाती आला. वायव्य तुर्कस्तानात मार्मारा समुद्राजवळ बार्जिन हे नवाश्मयुगीन गाव आहे. तेथील, इ. स. पू. सातव्या सहस्रकातील, शेतकऱ्यांचे जननिक विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत एन१ए आढळला, आणि संपूर्ण डीएनएच्या दृष्टीनेही हे लोक मध्य युरोपातील आद्य शेतकऱ्यांचे निकटचे आप्त ठरले. त्याच वर्षी हंगेरीच्या पश्चिम भागातील व क्रोएशियातील स्टार्चेव्हो संस्कृतीच्या सांगाड्यांतही हा वंश असल्याचे प्रसिद्ध झाले. ही संस्कृती रेखांकित मृत्पात्र संस्कृतीच्या लगतपूर्वीची होय. अनातोलिया, बाल्कन, डॅन्यूबचे खोरे आणि तेथून एल्बे व ऱ्हाइन असा हा मार्ग आता साखळीसारखा जोडता येतो.

पश्चिमेकडेही त्याच्या खुणा उमटल्या आहेत. पश्चिम फ्रान्समधील प्रिसे-ला-शारिएर येथील महाश्मयुगीन दफनकक्षातील एका व्यक्तीत एन१ए आढळल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. स्पेनमध्ये पिरिनीज पर्वतातील एल्स त्रोक्स गुहेतही तो सापडला आहे.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. हा वंश एकट्या युरोपचा नव्हे. त्याच्या शाखा पश्चिम व मध्य आशियात, अरबस्तानात, पूर्व आफ्रिकेत आणि विरळपणे भारतातही आढळतात. डीएनएच्या १६१४७ व्या स्थानी कोणता बदल झाला आहे, त्यावरून युरोप व मध्य आशियाकडील शाखा आफ्रिका व दक्षिण आशियाकडील शाखेपासून ओळखू येते. अल्ताई पर्वतातील सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका शक दफनातही एन१ए मिळाला आहे, आणि नवव्या शतकाच्या अखेरीस हंगेरीत उतरलेल्या मॅग्यार लोकांच्या कबरींतही तो आहे. म्हणून आज एखाद्या युरोपीय व्यक्तीत हा वंश आढळला, तर तिची आद्यमाता रेखांकित मृत्पात्रांच्या गावांतलीच होती असे तडकाफडकी म्हणता येत नाही. उपशाखेची सूक्ष्म तपासणी केल्यावरच मार्ग ठरतो.

५. ऱ्हासाची मीमांसा

मातृवंश खुंटणे ही मुळात सामान्य घटना आहे. ज्या स्त्रीला कन्या नाही, तिचा मातृवंश तिच्यापाशी संपतो, मग तिला पुत्र कितीही असोत. दर स्त्रीला सरासरी एक कन्या आणि कन्यांची संख्या यदृच्छेने ठरणारी, असे गृहीत धरले, तर एखाद्या स्त्रीची कन्यापरंपरा पहिल्याच पिढीत खुंटण्याची संभाव्यता ३७ टक्के येते. दुसऱ्या पिढीअखेर ती ५३ टक्के आणि तिसऱ्या पिढीअखेर सुमारे ६३ टक्के होते. कुलनामे नष्ट कशी होतात, ह्याचे गणित गॉल्टन व वॉटसन ह्यांनी १८७४ मध्ये मांडले होते. तेच येथे लागू पडते.

परंतु हा विचार एका स्त्रीच्या वंशाचा झाला. लोकसंख्या मोठी असेल, तर एका कुटुंबाची उणीव दुसरे भरून काढते आणि वंशाचे एकूण प्रमाण सावकाश बदलते. म्हणून केवळ यदृच्छेवर भिस्त ठेवता येत नाही. तीन कारणे एकत्र विचारात घ्यावी लागतात.

पहिले कारण नमुन्याचे. २४ पैकी ६ ह्या आकड्यामागील खरे प्रमाण सुमारे १० ते ४७ टक्के ह्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. पुढे ह्या संस्कृतीचे शंभरावर नमुने जमा झाले, तेव्हा ते पहिल्या अंदाजाच्या साधारण निम्म्यावर आले. तफावत मोठीच राहिली, पण वाटली होती तेवढी नव्हे.

दुसरे कारण लोकसंख्येतील चढउताराचे. इ. स. पू. ५००० च्या सुमारास ह्या संस्कृतीच्या अखेरच्या काळात अनेक ठिकाणी अरिष्ट ओढवल्याचे दिसते. जर्मनीतील टालहाइम येथे हिंसेने मारल्या गेलेल्या ३४ स्त्री-पुरुष व मुलांचे सामूहिक दफन सापडले आहे. लोकसंख्या आक्रसते, तेव्हा यदृच्छेचा परिणाम तीव्र होतो.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण नव्या स्थलांतराचे. इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाच्या आरंभी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून पशुपालकांचे मोठे स्थलांतर झाले. २०१५ च्या एका अभ्यासानुसार जर्मनीतील रज्जुचिन्हित मृत्पात्र संस्कृतीच्या लोकांचा सुमारे तीन-चतुर्थांश वारसा ह्या पशुपालकांचा होता. २००५ च्या युक्तिवादात ज्याला जागाच नव्हती, तो हाच तिसरा घटक. तरीही त्याने एकट्याने सर्व उलगडा होत नाही. जुना वारसा चौथाईवर आला, तर बारा टक्क्यांचे तीन होतील. हजारी दोन होणार नाहीत. हे प्रमाण अनेक टप्प्यांनी उतरले असावे, असेच मानणे युक्त होय.

६. वंश आणि लोक

ह्या साऱ्यातील सर्वांत उद्‌बोधक गोष्ट शेवटी सांगावयाची आहे. एन१ए लोपत गेला, पण शेतकरी लोपले नाहीत. संपूर्ण डीएनएचा विचार केला, तर आजच्या युरोपीयांत अनातोलियाकडील आद्य शेतकऱ्यांचा वाटा ठळकपणे टिकून आहे. दक्षिण युरोपात, विशेषतः सार्डिनिया बेटावर, तो फार मोठा आहे. म्हणजे २००५ चे निरीक्षण यथार्थ होते. 'शेतकऱ्यांचा वारसा अत्यल्प' हे अनुमान मात्र टिकले नाही. दहा पिढ्या मागे गेले, तर प्रत्येकाला १,०२४ पूर्वजस्थाने असतात. त्यांपैकी मातृवंश एकाच स्थानाची साक्ष देतो. ते स्थान रिकामे झाले, तरी उरलेल्या स्थानांतून वारसा वाहतच राहतो.

मृत्पात्रांच्या नक्षीवरून 'लोक' आणि लोकांवरून 'वंशश्रेष्ठत्व' काढण्याचा उद्योग गुस्टाफ कोसिना ह्यांच्या परंपरेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केला, आणि त्याचे परिणाम युरोपने भोगले. भांड्यांच्या जागी डीएनएची नावे घातली म्हणून ती चूक शास्त्रीय ठरत नाही.

भारताच्या संदर्भात हा विवेक अधिकच अगत्याचा आहे. येथील उष्ण हवामानात अस्थींतील डीएनए टिकणे दुर्घट. राखीगढी येथील ६१ नमुन्यांपैकी एकाच स्त्रीचे डीएनए वाचता आले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ते प्रसिद्ध केले. तिचा मातृवंश यू२बी२ होता, आणि तिच्यात अनातोलियाच्या शेतकऱ्यांचा वारसा आढळला नाही. युरोपात शेतीबरोबर शेतकरी आले, म्हणून सर्वत्र तसेच घडले असले पाहिजे, असे म्हणता येत नाही, हा ह्यातला एक धडा. दुसरा धडा पुराव्याच्या संख्येचा. जेथे २४ व्यक्तींवरून काढलेले अनुमान दहा वर्षांत बदलावे लागले, तेथे एका व्यक्तीवरून किती बोलावे, ह्याचे तारतम्य प्रत्येक अभ्यासकाने स्वतःपाशी ठेवणे इष्ट होय.