मेंदूची साल

आपल्या सतवासची मुलं अकरावीत जीवशास्त्र हिंदीतून शिकतात. पुस्तकात 'प्रमस्तिष्क वल्कुट' येतं आणि घरी कुणाला अर्थ सांगता येत नाही. मराठीत त्याला 'बाह्यक' लिहितात, डॉक्टर 'कॉर्टेक्स' म्हणतात. मोठ्या मेंदूचा सर्वांत बाहेरचा थर तो हाच.

कॉर्टेक्स म्हणजे लॅटिनमध्ये झाडाची साल. वल्क म्हणजेही सालच. ऋषींची वल्कलं त्याच कुळातली. 'बाह्यक' चुकीचं नाही, पण त्यातली साल गेली, म्हणून मला ते कोरडं वाटतं.

माणसात ही साल जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड, करडी. बहुतेक भागात सहा थर. अशी रचना सस्तन प्राण्यांचीच. उंदराची साल गुळगुळीत असते. आपली पसरली तर जवळजवळ वर्तमानपत्राच्या पानाएवढी होईल, म्हणून ती कवटीत घड्या घालून बसते.

साल म्हटलं की सोलून टाकायची वस्तू वाटते. पण पाहणं, बोलणं, हात हलवणं हिच्यावरच चालतं. लकव्यात डाव्या बाजूच्या सालीचं रक्त अडलं, तर पुष्कळदा वाचा जाते. तेव्हा रिपोर्टात 'कॉर्टेक्स' वाचून 'वरवरचंच आहे' असं समजू नका. नेमकी जागा कोणती, ते डॉक्टरांना विचारा.