अडुळसा, उंदीर आणि दमेकरी

जालन्याच्या कापूसपट्ट्यात खोकला-दमा बळावला की घरातील वडीलधारी कुंपणाच्या अडुळशाकडे वळतात. हा विश्वास सर्वस्वी आंधळा नव्हे. ब्रोमहेक्झिन हे कफावरील औषध अडुळशातील व्हॅसिसीनवरूनच घडविले गेले. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतील संशोधकांनी अंड्याच्या पांढऱ्यातील प्रथिनाने उंदरांत ॲलर्जीचा दमा उत्पन्न केला. अडुळशाच्या अर्काने त्यांच्या फुफ्फुसांचा दाह ओसरला, असे त्यांनी २०२१ च्या सुमारास प्रसिद्ध केले. परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि माणसांवरील चाचणीही एकदाच घेऊन भागत नाही. दमवेलीच्या पानांनी १९६० च्या दशकात दमेकऱ्यांना आराम पडल्याचे दिसले होते. १९७९ च्या चाचणीत तीच वनस्पती निष्प्रभ ठरली. अडुळशाची तशी कसोटी होईतो जिनिंगच्या धुळीत राबणाऱ्या दमेकऱ्याने काढा खुशाल घ्यावा, डॉक्टरांनी दिलेला फवारा मात्र सोडू नये.