दोन प्रथमेश, एक धनुष्य आणि पुष्कळ गैरसमज

५ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष कंपाउंड संघाने दक्षिण कोरियाला २३५-२३० असं हरवून सुवर्ण जिंकलं. अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेश जावकर. यातला तिसरा बुलढाण्याचा. ज्या जिल्ह्याच्या ठिकाणाला आजही रेल्वे नाही आणि जिथे जायचं तर मलकापूरला उतरून घाट चढावा लागतो, तिथला हा मुलगा. त्या पदकानंतर तिरंदाजीवर बोलणारे वाढले आणि ऐकीव गोष्टीही वाढल्या. त्यातल्या काही निरुपद्रवी आहेत. पण काही ऐकून पालक मुलांना या खेळात घालतात, नाहीतर त्यातून काढून घेतात, म्हणून त्या तपासून पाहायला हव्यात.

सर्वांत सोपी गल्लत नावाची. एप्रिल २०२४ मध्ये शांघायच्या विश्वचषकात भारतीय पुरुष कंपाउंड संघाने नेदरलँड्सला हरवून सुवर्ण मिळवलं, तेव्हा संघात प्रथमेश होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत फ्रान्सला २३५-२३३ असं नमवून भारताने पुरुष कंपाउंडचं सांघिक विजेतेपद घेतलं, तेव्हाही होता. पण दोन्ही वेळा तो प्रथमेश फुगे. तोही महाराष्ट्राचाच, म्हणून घोटाळा आणखी सोपा. हांगझोऊचं सांघिक सुवर्ण आणि मे २०२३ चं शांघायमधलं वैयक्तिक सुवर्ण मात्र जावकरचं. एकाच राज्यातून एकाच प्रकारात, एकाच नावाचे दोन खेळाडू भारतीय संघात येतात, यावरून इथे स्पर्धा किती दाट आहे ते कळावं.

दुसरी समजूत भाषणांतून फार ऐकू येते: एकलव्याची परंपरा, सातपुड्याचं रक्त, धनुष्यबाण तर आपल्या मातीतच. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडच्या डोंगरपट्ट्यात धनुष्य ओळखीचं असेलही. पण जावकर जे कंपाउंड धनुष्य चालवतो ते अमेरिकेत मिसूरीच्या होलेस विल्बर ॲलन या गृहस्थाने १९६० च्या दशकात घडवलं आणि १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. दोन्ही टोकांना चाकं, त्यांवरून फिरणाऱ्या दोऱ्या, दोरीत बसवलेलं बारीक छिद्र म्हणजे पीप, पुढे भिंग लावलेला स्कोप, तोल सांभाळणारे दांडे आणि बाण सोडायला हातात धरायचं रिलीज. आपल्याकडे बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ आहे, शाळकरी मुलं त्यात खेळतात, आणि सुरुवातीला तो स्वस्तही पडतो. पण त्यातलं कौशल्य कंपाउंडमध्ये जसंच्या तसं उतरत नाही.

इथूनच तिसरा गैरसमज निघतो, आणि तो सर्वांत चिवट आहे. ‘एवढी यंत्रं असतील तर धनुष्यच नेम धरतं, खेळाडूचं काय?’ 

यंत्र काय करतं ते आधी पाहू. स्पर्धेत कंपाउंडला ६० पौंडांपर्यंत ताण चालतो, म्हणजे साधारण २७ किलो. दोरी ओढताना तो सगळा अंगावर येतो. शेवटी चाकं फिरून पूर्ण ताणावर आली की भार एकदम हलका होतो आणि तिरंदाजाला बारा-पंधरा पौंडच धरून ठेवावे लागतात. त्यामुळे नेम धरायला निवांतपणा मिळतो. बाण ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास सुटतो. एवढं यंत्राचं काम.

आता मैदान. लक्ष्य ५० मीटरवर. चेहरा, म्हणजे लक्ष्याचा छापील कागद, ८० सेंटिमीटरचा आणि त्यातलं दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटर रुंद. एका बाणाला २० सेकंद. वैयक्तिक सामन्यात तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या, असे १५ बाण, कमाल गुण १५०. ऑलिंपिकमध्ये दिसणाऱ्या रिकर्व्हमध्ये फेरीगणिक सेट जिंकायचे असतात. एक बाण वाया गेला तर तो सेट जातो, पुढचा सेट नव्याने सुरू होतो. कंपाउंडमध्ये तशी सवलत नाही, सगळे गुण शेवटपर्यंत जमेला राहतात. पहिल्याच फेरीत नऊ पडला तर तो गुण परत मिळवायचा मार्ग एकच: समोरच्याचा बाण चुकण्याची वाट पाहणं. आणि समोरच्याकडेही तेच यंत्र असतं.

मे २०२३ मध्ये शांघायच्या अंतिम सामन्यात समोर होता नेदरलँड्सचा माइक श्लोसर, तेव्हाचा जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, ज्याने २०१५ मध्ये बंदिस्त मैदानावर ६०० पैकी ६०० गुण केले होते. १९ वर्षांचा जावकर वरिष्ठ संघात नवा होता. निकाल १४९-१४८. आकडे उलगडून पाहा. १५ बाणांपैकी जावकरचे १४ दहा आणि एक नऊ. श्लोसरने संपूर्ण सामन्यात मिळून दोनच गुण गमावले, आणि तो हरला. ‘नशिबाने जिंकला’ म्हणणाऱ्यांनी त्याच वर्षीचा सप्टेंबरही पाहावा. मेक्सिकोतल्या एर्मोसियोला मोसमातल्या निवडक आठ जणांची विश्वचषक अंतिम स्पर्धा झाली. उपांत्य फेरीत पुन्हा श्लोसर, आणि या वेळी १५०-१४९. पंधराच्या पंधरा बाण दहामध्ये. अंतिम सामन्यात डेन्मार्कच्या माथियास फुलर्टनशी १४८-१४८ अशी बरोबरी झाली. शूट-ऑफच्या एकेका बाणातही दोघांचे दहा. फुलर्टनचा बाण केंद्राला अधिक जवळ, म्हणून सुवर्ण त्याचं, रौप्य जावकरचं.

इतक्या बारीक फरकाच्या खेळात हाताइतकंच डोकं लागतं. नेम लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या भागात येताच बोट आपोआप रिलीजवर दाबलं जाणं, किंवा उलट, नेम नीट असूनही बाण सोडताच न येणं, याला तिरंदाज ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. चांगले चांगले त्यात अडकतात. त्यावरचं औषध कुठल्याही चाकात बसवलेलं नाही.

‘ज्युनिअरमध्ये ठीक आहे हो, सीनिअरमध्ये गेला की कळेल’ हे वाक्य आपल्याकडे सगळ्याच खेळांना लावलं जातं. पुष्कळ खेळांत ते खरंही आहे, कारण अंगाची वाढ, ताकद, वेग हे सगळं बदलतं. रिकर्व्हमध्येही १८ वर्षांखालची मुलं ६० मीटरवर खेळतात आणि मोठी ७० वर. कंपाउंडमध्ये मात्र १८ वर्षांखालचा गट असो, २१ खालचा असो की वरिष्ठ, अंतर तेच ५० मीटर आणि चेहरा तोच ८० सेंटिमीटरचा. पात्रता फेरीचे ७२ बाणही तेच, ७२० पैकी गुण. म्हणजे कनिष्ठ गटातल्या पोराचा आकडा थेट मोठ्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो, वयाची सूट न देता. साताऱ्याला घडलेली अदिती स्वामी जुलै २०२३ मध्ये लिमरिकला १८ वर्षांखालची जगज्जेती झाली आणि पुढच्याच महिन्यात बर्लिनला १७ व्या वर्षी मोठ्यांची. लोकांना तो चमत्कार वाटला. तिच्या गुणतक्त्यावर नजर ठेवणाऱ्यांना तितका वाटला नसावा.

मग अडतं कुठे? निवडीत. आणि इथे क्रिकेटच्या सवयीने आपण फसतो. एकदा संघात आला की दोन-तीन मोसम तरी राहील, असं आपण धरून चालतो. तिरंदाजीत निवड चाचणी पुन्हा पुन्हा होते आणि ती बाणांच्या गुणांवर ठरते. मागच्या पदकाला तिथे फारसा भाव नाही. शांघायमध्ये जग जिंकणाऱ्या जावकरच्या जागी वर्षभरात त्याच शांघायमध्ये दुसरे तिघे सुवर्ण घेऊन उभे होते: वर्मा, प्रियांश आणि फुगे. हांगझोऊचं उदाहरण तर आणखी कडू. तिथे वैयक्तिक बादफेरीत एका देशाचे दोघेच खेळू शकत होते. ते दोघे ठरले ओजस आणि अभिषेक. अंतिम सामना त्या दोघांतच झाला आणि ओजसने तो १४९-१४७ जिंकला. त्या वर्षी श्लोसरला दोनदा हरवणारा जावकर वैयक्तिक बादफेरीबाहेर राहिला. यात अन्याय कुणी केला नाही, पात्रता फेरीतला क्रम तसा लागला. म्हणून ‘सांघिक पदक म्हणजे कमी दर्जाचं’ असं कुणी म्हटलं, तर त्याला हा नियम आधी समजावून सांगावा.

‘बुलढाण्यात राहून काय होणार, पुण्याला पाठवा’ हा सल्ला तितकासा टिकत नाही. जावकर बुलढाण्यातच चंद्रकांत इलग यांच्या हाताखाली घडला. मिहीर अपारही इथलाच. २०२१ मध्ये पोलंडच्या व्रोत्स्वाफला कनिष्ठ जागतिक स्पर्धेत अमेरिकेला २३३-२३१ असं हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारताच्या कॅडेट, म्हणजे १८ वर्षांखालच्या, कंपाउंड संघात तो होता. पुढे राष्ट्रीय संघात आल्यावर सोनीपतचं शिबिर, इटलीचे माजी विश्वविजेते सर्जिओ पाग्नी यांच्यासारखे प्रशिक्षक, हे सगळं येतं. पण पाया घालायला ५० मीटर मोकळी जागा, मागे सुरक्षित बांध आणि रोज उभा राहणारा प्रशिक्षक लागतो. नागपूरचा ओजस साताऱ्याला प्रवीण सावंतांकडे गेला तो प्रशिक्षकासाठी, शहर मोठं म्हणून नव्हे.

पैशाबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, पदक आलं की कोट्यवधी. दुसरा, यात काहीच नाही. स्पर्धेला चालेल असा कंपाउंडचा पूर्ण संच दोन-तीन लाखांच्या घरात जातो, आणि तो सुरुवातीला घरातूनच उभा करावा लागतो. बाण मोडतात, दोऱ्या बदलाव्या लागतात. क्लबने करारबद्ध करून पगार द्यावा, अशी व्यवस्था या खेळात नाही. आधार मिळतो तो खेलो इंडियाच्या महिना १०,००० रुपयांच्या भत्त्याचा, राज्याच्या रोख बक्षिसांचा, आणि मुख्यतः नोकरीचा. महाराष्ट्रात शासकीय भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ पालकांचं लक्ष दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांपासून थेट तिथेच पोचतं. त्यात गैर काही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत यमुना क्रीडा संकुलात आर्चरी प्रीमियर लीग झाली, सहा संघांची, एकाचं नाव मायटी मराठाज. रिकर्व्ह आणि कंपाउंडवाले एकाच संघात खेळले. व्यावसायिक तिरंदाजी म्हणावी असं आपल्याकडे एवढंच, आणि त्याचाही तो पहिलाच मोसम.

शेवटी ऑलिंपिक. ‘जावकर ऑलिंपिकला का गेला नाही?’ हा प्रश्न पॅरिसच्या वेळी फार विचारला गेला. उत्तर सोपं आहे: कंपाउंड तिथे नव्हतंच. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी त्याला जागा दिली, पण फक्त मिश्र सांघिक प्रकारात, म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. वैयक्तिक नाही, पुरुष संघ नाही. त्या एका पुरुषाच्या जागेसाठी देवतळे, जावकर, फुगे, वर्मा, प्रियांश, ऋषभ यादव हे सगळे एकाच चाचणीच्या रांगेत असतील, आणि त्यांच्या मागे अपारच्या पिढीची पोरं.