मृत्यूचा निश्चय : महाकोट्ठितांचा प्रश्न आणि आजचे वैद्यकशास्त्र

मज्झिमनिकायातील महावेदल्लसुत्तात आयुष्मान महाकोट्ठित हे आयुष्मान सारिपुत्तांना विचारतात की, मृत देह आणि संज्ञावेदयितनिरोध समापत्तीत असलेला भिक्खू यांत भेद कोणता? प्रश्न सूक्ष्म आहे. दोघांचाही आश्वास-प्रश्वास थांबलेला असतो, वाणी व चित्ताचे व्यापार थांबलेले असतात. सारिपुत्तांच्या उत्तराचा आशय असा की, मृताचे आयु क्षीण झालेले, उष्मा शमलेली आणि इंद्रिये भग्न झालेली असतात; समापत्तीतील भिक्खूचे आयु व उष्मा टिकून असतात आणि इंद्रिये प्रसन्न असतात. महापरिनिब्बानसुत्तातही तथागतांचे परिनिब्बान झाले असे आनंदांना वाटले, तेव्हा ते अद्याप झालेले नसून ही निरोधाची अवस्था आहे, असे अनुरुद्धांनी सांगितल्याची नोंद आहे. श्वास दिसत नाही एवढ्यावरून मृत्यू ठरत नाही, ही सावधगिरी त्या परंपरेत होती.

आज रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात हाच प्रश्न नेमका उलट होऊन समोर येतो. छाती वरखाली होत असते, हात उबदार लागतो, पडद्यावर हृदयाची रेषा धावत असते. आणि डॉक्टर सांगतात की, मृत्यू झाला आहे. नातलगांना ते पटत नाही, यात त्यांचा दोष नाही. पिढ्यान्पिढ्या मृत्यूची जी चिन्हे माणसाने ओळखली, त्यांपैकी एकही तेथे दिसत नाही.

बहुसंख्य मृत्यूंच्या बाबतीत ही अडचण येतच नाही. हृदय व श्वसन थांबते, बाहुल्या विस्फारून प्रकाशाला प्रतिसाद देईनाशा होतात, हृदयाचा आलेख सरळ रेषेत येतो. काही मिनिटे निरीक्षण करून डॉक्टर मृत्यू जाहीर करतात. फक्त अतिथंड झालेल्या व्यक्तीबाबत आणि काही औषधांच्या अंमलाखालील व्यक्तीबाबत घाई करू नये, असा दंडक आहे.

घोटाळा सुरू झाला तो यंत्रामुळे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून वैद्यकीय विद्यार्थी तासन्‌तास हाताने पिशवी दाबून त्यांना श्वास देत राहिले. कृत्रिम श्वसनयंत्राचा प्रसार त्यानंतर झपाट्याने झाला. पुढे असे रुग्ण दिसू लागले की, ज्यांचा मेंदू पूर्ण निकामी झाला आहे, पण यंत्र प्राणवायू पुरवीत असल्याने हृदय चालू आहे. हृदयाला ठोका देण्यासाठी मेंदूची आज्ञा लागत नाही. त्याला प्राणवायू मिळाला की पुरते. १९५९ मध्ये पॅरिसच्या मोलारे व गुलाँ या डॉक्टरांनी या अवस्थेचे वर्णन केले. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण झाले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष प्रसिद्ध केले. १९७६ साली ब्रिटनमधील रॉयल वैद्यकीय महाविद्यालयांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभावर भर दिला. श्वास घेण्याची प्रेरणा आणि जागृतीची क्षमता या दोहोंचे मूळ तेथे आहे.

भारताने हाच मार्ग स्वीकारला. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्रात लागू झाला. त्यानुसार मस्तिष्कस्तंभाची सर्व कार्ये कायमची व पुन्हा सुरू न होण्याजोगी थांबणे म्हणजे मस्तिष्कस्तंभ मृत्यू. तो ठरविण्याचा अधिकार एका डॉक्टरला नाही. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, शासनमान्य यादीतील स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ वा मेंदूचे शल्यविशारद आणि उपचार करणारे डॉक्टर अशा चौघांच्या मंडळाला आहे. मेंदूचा तज्ज्ञ उपलब्ध नसेल, तर २०११ च्या दुरुस्तीनुसार अन्य विशारद नेमता येतो. मात्र तो संबंधित रुग्णाच्या प्रत्यारोपण पथकातील नसावा, अशी अट आहे.

तपासणीपूर्वी बेशुद्धीचे कारण ठाऊक असावे लागते, आणि विषबाधा, गुंगीची वा स्नायू शिथिल करणारी औषधे, शरीराचे घसरलेले तापमान, रक्तातील क्षारांचा वा संप्रेरकांचा बिघाड ही कारणे वगळावी लागतात. मग डोळ्यांवर प्रकाश टाकतात, बुबुळाला कापसाचा स्पर्श करतात, डोके फिरवून डोळ्यांची हालचाल पाहतात, कानात बर्फाचे पाणी सोडतात, घशात व श्वासनलिकेत नळी हलवून खोकला येतो का ते पाहतात. शेवटी सर्वांत निर्णायक कसोटी येते. शरीराला प्राणवायू मिळत राहील अशी व्यवस्था करून यंत्र काढतात. रक्तातील कर्बवायूचा दाब एरवी ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो ६० पर्यंत चढेतो वाट पाहतात. श्वासासाठी याहून मोठी हाक शरीराला देता येत नाही. तरीही छाती हलली नाही, तर मस्तिष्कस्तंभ त्या हाकेला उत्तर देण्यास उरलेला नाही. किमान सहा तासांनी ही सारी तपासणी पुन्हा करतात.

येथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. अशा देहाचा हात वा पाय कधी कधी हलतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून येते, मेंदूतून नव्हे. ते न सांगितल्यास कुटुंबाच्या मनात आयुष्यभराचा सल राहतो.

याहून मोठा गैरसमज म्हणजे कोमा आणि मस्तिष्कस्तंभ मृत्यू एकच मानणे. केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला. त्यानंतर सुमारे ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात होत्या आणि तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. परंतु त्या स्वतः श्वास घेत होत्या. त्यांचा मस्तिष्कस्तंभ कार्यरत होता. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या मृत नाहीत हे स्पष्ट केले आणि त्यांचे अन्न थांबविण्याची मागणी फेटाळली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ब्रेन डेड’ हा शब्द वर्तमानपत्रांतून सैलपणे वापरला जातो, तेव्हा ही भेदरेषा पुसली जाते.

कायद्यातही एक फट आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात जीवनाची सर्व चिन्हे कायमची नाहीशी होणे, अशी मृत्यूची व्याख्या आहे. मस्तिष्कस्तंभाचा तेथे उल्लेख नाही. तो आहे केवळ प्रत्यारोपणाच्या कायद्यात. त्यामुळे कुटुंबाने अवयवदानास नकार दिला की, अनेक डॉक्टर यंत्र काढण्यास कचरतात आणि बिल वाढत राहते. मृत्यू झाला की नाही हे वैद्यकीय तथ्य आहे. दान करायचे की नाही हा नंतरचा, स्वतंत्र निर्णय आहे. एकाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून ठेवणे तर्काला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाकोट्ठितांचा हा संवाद बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात घेतला आहे. मृत्यूचे ते उत्तम विवेचन आहे असे म्हणून त्यांनी त्यातील एक उणीव दाखविली : उष्मा म्हणजे काय, हे महाकोट्ठितांनी विचारायला हवे होते. बाबासाहेबांनी तिचा अर्थ ऊर्जा असा लावला आणि शरीराने ऊर्जा निर्माण करणे थांबविणे म्हणजे मृत्यू, असे मांडले. सुत्तकारांना मस्तिष्कस्तंभ ठाऊक होता, असा दावा मी करणार नाही. असले दावे ग्रंथाचे मोल वाढवीत नाहीत. पण विचारायचे राहिलेले ते प्रश्न आज अतिदक्षता विभागात विचारावेच लागतात. मस्तिष्कस्तंभ मृत्यूत मेंदूचे तापमान-नियंत्रण संपलेले असल्याने देह निवत जातो आणि परिचारिका त्याला उबदार पांघरुणांनी गरम ठेवतात. हाताला जी ऊब लागते, तिच्यामागे यंत्राचा श्वास आणि पांघरुणाची धग असते.

पुण्यात अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत होते. अशीच केंद्रे मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. परंतु दानाचा विषय निघण्यापूर्वी नातलगांना काही विचारता येते : दोन्ही तपासण्या झाल्या का, मध्ये सहा तास गेले का, मंडळावरील चौघांच्या सह्या झाल्या का, श्वासाच्या कसोटीत कर्बवायू किती चढला. अपघाताचे प्रकरण असेल, तर पोलीस पंचनामा व शवविच्छेदन होतेच. मृत्यूची वेळ म्हणून साधारणतः दुसरी तपासणी पूर्ण झाल्याची वेळ लिहितात. हृदय कधी थांबले ती नव्हे. दाखल्यावरची वेळ आणि प्रत्यक्ष अंत्ययात्रेची वेळ यांत बरेच तास जातात ते यामुळे, आणि विहारात परित्राणपाठासाठी निरोप धाडणाऱ्यांनीही तीच वेळ कळवावी.