मनाच्या जखमेवर प्रथमोपचार

हाताला प्लास्टर असले की लोक जपतात. मनाला बसलेला मार मात्र दिसत नाही. मारहाण वा अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला जो तो ‘नेमके काय झाले?’ असे विचारतो. हेतू चांगला, पण जखम पुन्हा उघडी पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका स्वयंसेवकांना तीन गोष्टी शिकवते : पाहा, ऐका, जोडून द्या. यासाठी पदवी लागत नाही. आशाताई, शिक्षक, मंडळाचे कार्यकर्ते, कोणीही शिकू शकतो.

प्रथम जागा सुरक्षित आहे का, तातडीची गरज कोणती, ते पाहावे. शांतपणे जवळ बसावे. पीडित बोलेल तेवढेच ऐकावे, खोदून विचारू नये. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हे तर कधीच नाही. खोटे आश्वासन देऊ नये, ऐकलेले गावभर करू नये. मग नातेवाईक, डॉक्टर, पोलीस यांच्याशी गाठ घालून द्यावी. बलात्कार वा अॅसिड हल्ल्यातील पीडितांवर सरकारी व खासगी रुग्णालयांनी तातडीने मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे, हेही स्वयंसेवकाला ठाऊक हवे.

झोप उडणे, दचकणे बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरते. महिन्यानंतरही त्रास राहिला तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली तर मुळीच थांबू नये. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.