टिकलीकडे बघून बोलते मी

समोर बाई असेल तर मी तिच्या टिकलीकडे बघते. पुरुष असेल तर चष्मा नाकावर टेकतो, तिथे. समोरच्याला वाटतं, ही डोळ्यांत बघून बोलतेय. ही युक्ती मला दहावीत असताना सापडली आणि आज चाळिशी ओलांडल्यावरही मी ती रोज वापरते. डोळ्यांत बघितलं की शब्द कानावर पडतात, पण अर्थ लागायचा थांबतो. बघणं आणि ऐकणं, दोन्हींपैकी मला एकच जमतं.

हैदराबादबाहेरच्या एका औषध कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करते. गोळ्यांच्या प्रत्येक बॅचची जाडजूड नोंदवही असते: कोणी काय वजन केलं, भट्टीचं तापमान किती होतं, कुठली पायरी किती वाजता सुरू झाली, कोणी सही केली. ती पानन् पान वाचून चुका शोधायच्या. वाळवण १०.४० ला सुरू झालं म्हणून लिहिलंय आणि वाळवणाआधीच्या वजनाची छापील चिठ्ठी १०.५२ ची आहे, हे मला पान उलटतानाच टोचतं. हे काम मी अठरा वर्षं मनापासून करते आहे. कठीण असते ती जेवणाची सुट्टी. स्टीलची ताटं, पंख्याची घरघर, पोपूचा म्हणजे फोडणीचा ठसका, तेलुगू, हिंदी, मध्येच तमिळ. माझ्या कानांना यातलं कुठलंच मागे सारता येत नाही. शेजारचीचा प्रश्न आणि चार टेबलांपलीकडे पडलेला चमचा, दोन्ही सारख्याच जोरात येतात.

म्हणून माझ्यासारखीला लावला जाणारा ‘स्वमग्न’ हा शब्द मला पटत नाही. ऑटिझमला मराठीत तो रुळला आहे आणि ज्यांनी योजला त्यांनी चांगल्या मनानेच योजला असणार. पण त्यातून चित्र उभं राहतं ते स्वतःत बुडालेल्या, बाहेरच्या जगाची फिकीर नसलेल्या माणसाचं. माझं नेमकं उलटं आहे. बाहेरचं सगळं एकदम आत शिरतं. आतलंच मला ऐकू येत नाही. भूक लागली आहे हे कळत नाही, म्हणून फोनवर दुपारी १ चा गजर लावलेला असतो.

लहानपणी भाषेने मला फार छळलं. आई म्हणायची, “जपून गं, काकूंची बांगडी वाढली.” मी काकूंचा हात बघायची. बांगडी कमी झालेली असायची. नांदेडची आत्या सुट्टी संपल्यावर दारात “येते हं” म्हणायची आणि जायची. मी संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायची, कारण ती येते म्हणाली होती. ‘जाते’ म्हणणं अशुभ, हे इतर मुलांना न सांगता कळलं होतं. मला ते कोणीतरी सांगायला हवं होतं.

त्यात आमचं शहर हैदराबाद. इथल्या हिंदीत ‘परसों’ म्हणजे परवा, गेल्या महिन्यात किंवा चार वर्षांपूर्वीसुद्धा. तेलुगू शेजारीण जिन्यात “तिन्नारा?” विचारते. शब्दशः अर्थ ‘जेवलात का?’ नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशा प्रत्येकीला जेवणात काय काय होतं ते सविस्तर सांगायची. पुढे मी एका वहीत लिहून ठेवलं: प्रश्न हा, उत्तर एवढंच, हसायचं कधी. तीन भाषांची तीन पानं. माणसं जे श्वासासारखं करतात ते मी पाठांतराने करते. याला ‘मास्किंग’ म्हणतात, म्हणजे वरून मुखवटा चढवणं. माझ्या पिढीतल्या अनेक ऑटिस्टिक बाया उशिरापर्यंत कोणाच्या लक्षातच आल्या नाहीत, त्याचं हे एक मोठं कारण आहे. शांत, अभ्यासू, शहाणी मुलगी, असंच सगळे म्हणत राहिले.

२०१९ च्या उन्हाळ्यात कारखान्यात तीन दिवस बाहेरच्या अधिकाऱ्यांची तपासणी होती. मी तिन्ही दिवस हसून, टिकल्या आणि चष्मे बघून उत्तरं दिली. एकही त्रुटी निघाली नाही. चौथ्या दिवशी मला बोलता येईना. घसा ठीक होता, पण वाक्य तयार होऊन तोंडापर्यंत येतच नव्हतं. दोन दिवस मी न्हाणीघराच्या गार फरशीवर पडून होते. एका डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुम्ही इतकं छान बोलता, नोकरी करता, तुम्हाला कसला ऑटिझम?” मग एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी मात्र माझी ती प्रश्नोत्तरांची वही मागितली आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

त्यांच्याकडून मला कळलं की माझ्यासारख्यांचं वर्णन फार जुनं आहे. ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टर बाईंनी १९२६ मध्ये अशा सहा मुलांबद्दल जर्मन नियतकालिकात लिहिलं होतं. नाव मात्र झालं ते व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांचं. त्यांचा निबंध १९४४ चा, आणि लोर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८१ मध्ये तो जगापुढे आणला. मी जन्मले ते हेच वर्ष. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये ‘आस्पर्गर’ हे वेगळं निदान काढून टाकलं आणि सगळं एका छत्राखाली घेतलं. ‘हाय फंक्शनिंग’ हे तर अधिकृत निदान कधीच नव्हतं. बौद्धिक अपंगत्व नसलेल्या ऑटिस्टिक माणसांसाठी ते सोयीने वापरलं गेलं. त्यातून लोकांना माझी नोकरी आणि माझं बोलणं दिसतं. फरशी दिसत नाही.

भारतात ऑटिझमचं प्रमाणपत्र देताना जी मोजपट्टी वापरतात, ती आमच्याच शहरात तयार झाली हेही मला तेव्हाच कळलं. सिकंदराबादच्या मनोविकास नगरमध्ये १९८४ साली एक राष्ट्रीय संस्था सुरू झाली. आज तिचं नाव राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थान. बाबा बालानगरच्या आयडीपीएल या औषध कारखान्यात होते आणि त्यांची बस त्याच बाजूने जायची. त्या संस्थेत ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी बनली. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० किंवा जास्त झाले की ऑटिझम. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या कायद्याने ज्या २१ अपंगत्वांना मान्यता दिली त्यांत त्याला जागा मिळाली. मला आरक्षण नको होतं. कोपऱ्यातली खुर्ची आणि लेखी सूचना मागताना हातात कागद हवा होता.

मोजपट्टीसाठी घरच्या माणसाला प्रश्न विचारतात. आई माझ्या शेजारी पदर सावरून बसली होती. वय बहात्तर.

“अम्मा, ही डोळ्यांत बघून बोलायची का?”

“आमच्यात मुली मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत नाहीत,” आई म्हणाली. बाईंनी लिहिताना जरा थांबून तिच्याकडे बघितलं.

“एखादी गोष्ट तशीच हवी, असा हट्ट?”

“हट्ट नाही हो. तिचं ताट ठरलेलं होतं. दुसऱ्यात वाढलं तर जेवायची नाही, मग आम्ही तेच वाढायचो.”

“आवाजाचा त्रास?”

“नाही, तसं काही नव्हतं.” आई थोडा वेळ गप्प बसली. मग माझ्याकडे वळून, मराठीत, हळू म्हणाली, “मिक्सर तू शाळेत गेल्यावरच लावायचे ना मी. रविवारी चटणी पाट्यावर वाटायचे.”

मला हे माहीत नव्हतं. घरात मिक्सर असताना रविवारची चटणी पाट्यावर का होते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मोजपट्टी ‘हे किती वेळा दिसतं’ असं विचारते. आमच्या घरात ते दिसू नये याची आई वीस वर्षं व्यवस्था करत होती, कुठलंही नाव न देता, कोणी न शिकवता. बाहेर मी मुखवटा चढवला म्हणून दिसलं नाही. घरात त्याची गरजच पडली नाही, म्हणून दिसलं नाही. पण घरातल्या न दिसण्याने मी थकले नाही.

माझे गुण ८४ झाले. कागदावर ‘सौम्य’ असा शेरा आहे. आता ऑफिसात मी कोपऱ्यात बसते, खिडकीकडे तोंड करून. बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी ईमेलने येतात. कँटीनऐवजी डबा रेकॉर्ड रूममध्ये खाते. कंपनीचा यात एक रुपयाही खर्च झाला नाही. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंचं असतं: आम्हाला तुम्ही कळत नाही, तसेच तुम्हाला आम्ही. माझ्या शेजारच्या टेबलावरचा नलगोंड्याचा तरुण सहकारी आता ‘परसों’ म्हणाला की लगेच तारीखही सांगतो.

आई बडी चावडीला भावाकडे राहते. गुरुवारी माझ्याकडे कुकटपल्लीला येते, पोळ्या करते, मी गजराप्रमाणे जेवते की नाही ते बघते. मोजपट्टीच्या त्या प्रश्नोत्तरांनंतरच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी तिने चपला घातल्या, दाराशी थांबली आणि देवघराकडे एकदा बघून घेतलं.

“जाते मी आता,” ती म्हणाली. “पुढच्या गुरुवारी, अकरा वाजता येईन.”