चाक वाढवाल तर छत्रहि वाढवा

बदलापूर या नांवाविषयीं आमच्या बाजूस एक लोकवार्ता प्रचलित आहे. लांबच्या मजला करणारे स्वार येथें दमलेले घोडे बदलून ताजे घेत, म्हणून गांवाला हें नांव पडलें, असें सांगतात. वार्तेची शहानिशा इतिहाससंशोधकांनीं करावी. पण कुळगांव-बदलापुरांत आज जें दृष्टीस पडतें त्याला ती चांगलीच शोभते. घोडे गेले, जीपगाड्या आल्या, आणि बदलण्याची हौस मात्र कायम राहिली. नवी गाडी दारांत येऊन महिना लोटत नाहीं तोंच तिचीं चाकें बदलतात, मडगार्डें बदलतात, पुढें जाड दांडा बसतो, टपावर दिव्यांची ओळ चढते, आणि गाडीची उंचीहि चार बोटें वाढते.

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात तेथें या गोष्टीवरून खडाजंगी ठरलेली. तरुण म्हणतात, पावसाळ्यांत कोंडेश्वराकडे किंवा बारवीच्या रानांत गाडी न्यावयाची तर ती तशी सज्ज केलीच पाहिजे. वडील म्हणतात, कारखानदारानें दिलेल्या गाडींत काय उणें होतें? दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्यांश आहे. प्रस्तुत लेखाचा हेतु इतकाच कीं, या फेरफारांची पारख करण्यास एखादी कसोटी हातीं असावी. ती कसोटी मला गाडीच्या सर्वांत साध्या अवयवांत, म्हणजे मडगार्डांत, सांपडते.

जीपचें कूळ

जीपगाडी हें युद्धाचें अपत्य. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याला डोंगर, चिखल व वाळू यांतून जाणारी हलकी गाडी हवी होती. १९४१ पासून विलीज कंपनीनें, व तिच्याच नमुन्यावर फोर्ड कंपनीनें, अशा गाड्या लाखोंनीं तयार केल्या. तिचीं पुढचीं मडगार्डें त्या काळच्या इतर मोटारींसारखीं फुगीर व गोलाईदार नव्हतीं. सपाट पत्र्याचीं होतीं. असा पत्रा घडवावयास सोपा, चेपला तर ठोकून सरळ करावयास सोपा, आणि प्रसंगीं त्यावर बसतांहि येई. त्याच युद्धांत कल्याणजवळ लष्करी छावण्या उभ्या राहिल्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तेथें आसरा मिळाला आणि १९४९ सालीं त्या वस्तीला उल्हासनगर हें नांव देण्यांत आलें. आमचा हा शेजार आणि ही गाडी, दोघांचें मूळ असें एकाच काळांत आहे.

महिंद्र बंधूंची कंपनी १९४५ सालीं निघाली व १९४८ सालीं तिला आजचें नांव मिळालें. विलीजच्या गाड्या सुट्या भागांतून जोडण्याचें काम तिनें मुंबईंत माझगांव येथें सुरू केलें. त्याच वंशांतली 'थार' २०१० सालीं आली; तिची नवी आवृत्ति २ ऑक्टोबर २०२० रोजीं बाजारांत आली व ती नाशिकच्या कारखान्यांत तयार होते. तथापि गाडी कोणत्याहि कंपनीची असो, आमच्या पिढीच्या तोंडीं ती जीपच.

मडगार्ड कोणासाठीं?

आपल्या पूर्वजांनीं रथाच्या एकेका अवयवाला स्वतंत्र नांव दिलें होतें. चाकाची कड ती नेमि, मधला भाग ती नाभि, आंसाच्या टोकाची खीळ ती अणि. अमरकोशाच्या क्षत्रियवर्गांत 'रथगुप्ति' आणि 'वरूथ' असे दोन समानार्थी शब्द आहेत. रथाला टक्कर लागूं नये, मार बसूं नये, यासाठीं लाविलेलें आवरण असा त्यांचा अर्थ. वरूथ हा रथाचें व रथांत बसणाऱ्याचें रक्षण करी.

मडगार्डाची जात निराळी आहे. आपल्या गाडीला चिखल लागूं नये हा त्याचा एक उपयोग खरा. परंतु त्याचा मोठा लाभ होतो तो मागून येणाऱ्याला आणि कडेनें चालणाऱ्याला. गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवत असतां चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदु त्या क्षणापुरता स्थिर असतो, आंस ६० च्या वेगानें पुढें जातो, आणि चाकाचा माथा १२० च्या वेगानें पुढें झेपावतो. ज्यांना हें खोटें वाटेल त्यांनीं सायकलच्या चाकाच्या कडेला चुन्याचा एक ठिपका लावून, चाक भिंतीलगत सावकाश चालवून, ठिपक्याचा मार्ग भिंतीवर आंखून पाहावा. ठिपका जमिनीजवळ क्षणभर थबकतो आणि माथ्यावर सर्वांत मोठी मजल मारतो. आतां टायरच्या खांचेंत अडकलेला खडा चाकाच्या मागच्या अंगानें वर येतांना सुटला, तर तो पुढें व वर असा एकदमच उडतो आणि मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडासमोर येतो. मडगार्ड असेल तर तो पत्र्यावर आपटून खालीं पडतो. गाडीच्या धन्याला त्या खड्याचा पत्ताहि लागत नाहीं.

म्हणून माझी कसोटी अशी : ज्या फेरफारानें आपला भार दुसऱ्यावर पडत नाहीं तो योग्य, ज्यानें आपली सोय व दुसऱ्याची गैरसोय होते तो कितीहि शोभिवंत असला तरी त्याज्य. चाक रुंद केलें कीं चिखल अधिक उडणार. तें पत्र्याच्या बाहेर दोन बोटें डोकावूं लागलें कीं कडेनें चालणाऱ्या शाळकरी मुलीच्या कपड्यांवर तो नेमका जाणार. ज्यानें चाक वाढविलें त्याच्यावर छत्र वाढविण्याचें ऋण चढलें, असें समजावें.

चाकांचें गणित

टायरवर २४५/७५ आर १६ असे आंकडे असतात. पहिला आंकडा रुंदी मिलिमीटरांत. दुसरा बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेंकडेवारीनें. तिसरा मधल्या लोखंडी चाकाचा व्यास इंचांत. हिशेब केला तर या टायरचा एकूण व्यास सुमारें ७७४ मिलिमीटर येतो. पुष्कळ तरुणांना त्याजागीं ३३ इंची, म्हणजे सुमारें ८३८ मिलिमीटर व्यासाचा टायर हवा असतो. व्यास ६४ मिलिमीटरांनीं वाढला. पण गाडीचा तळ उंचावला त्याच्या निम्मा, केवळ ३२ मिलिमीटर. इतक्या लाभासाठीं काय द्यावें लागतें पाहा. परीघ आठ टक्क्यांहून अधिक वाढल्यामुळें वेगदर्शकाचा कांटा ६० दाखवीत असतांना गाडी प्रत्यक्षांत ६५ च्या वेगानें धांवते. तितक्याच प्रमाणांत चढावर ओढण्याचा जोर घटतो, ब्रेकला अधिक काम पडतें, इंधन अधिक जळतें. अवजड झालेलें राखीव चाक मागच्या दारावर टांगलेलें असलें तर दाराच्या बिजागऱ्यांनाहि त्याचा भार सोसावा लागतो.

मडगार्ड बसवितांना

बाजारांत चार प्रकारचीं मडगार्डें मिळतात. लोखंडी पत्रा मजबूत व दुरुस्तीस सोपा, पण गंजतो. ॲल्युमिनियम हलकें, परंतु लोखंडाला चिकटून ओलें राहिलें तर दोन धातूंच्या संयोगानें झिजूं लागतें, म्हणून मध्यें रबर किंवा नायलॉनचा वॉशर अवश्य हवा. फायबर गंजत नाहीं, पण दगडाच्या तडाख्यानें तडकतें. प्लास्टिक लवचिक असतें. तें हलकें असेल तर उन्हानें कालांतरानें ठिसूळ होतें.

काम मेस्त्रीकडे सोंपविलें तरी घरच्या माणसानें पुढील गोष्टी समोर उभें राहून करून घ्याव्यात. पहिली, मोजणी. एक पुढचें चाक भक्कम उंचवट्यावर चढवावें, म्हणजे त्या बाजूची स्प्रिंग दबते. मग स्टीअरिंग दोन्ही टोकांस फिरवून टायर कोठें घासतो काय तें पाहावें. सपाट जमिनीवर चार बोटें दिसणारी जागा खड्ड्यांत एक बोटहि उरत नाहीं. दुसरी, भोंकें. शक्य तों कारखान्याचींच भोंकें वापरावीं. नवें पाडणें भाग पडलें तर कड कानशीनें साफ करून, तिला जस्ताचा रंग किंवा रेड ऑक्साइड देऊन मगच बोल्ट घालावा. आमच्या बाजूस पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. उघडी राहिलेली कड एका पावसाळ्यांत तांबडी होते आणि गंज रंगाखालून पसरत जातो. तिसरी, जोड. पत्रा व मडगार्ड यांमध्यें रबरी पट्टी असावी, नाहींतर दोन्ही एकमेकांवर घासून रंग उडतो. सर्व बोल्ट आधीं हातानें लावावेत, सुतळी ताणून दोन्ही बाजू सारख्या आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि मगच पान्यानें आंवळावेत. थोडे दिवस गाडी चालल्यावर पुन्हां एकदां पाना फिरवावा. चौथी, दिवा. जुन्या मडगार्डावर वळण्याची खूण देणारा दिवा असेल तर तो नव्यावर आलाच पाहिजे. तार उघडी जोडूं नये व फ्यूजशिवाय कोणताहि दिवा वाढवूं नये.

आणि मडगार्डाच्या मागें चिखल अडविणारी रबरी झडप विसरूं नये. ती दिसावयास सुंदर नसते, म्हणून हौशी लोक तीच प्रथम काढून टाकतात.

इतर सुधारणा

कसोटी हातीं आल्यावर बाकीच्यांची पारख कठीण नाहीं. गाडी ओढून काढण्याचे भक्कम आंकडे, पोटाखालचा जाड संरक्षक पत्रा, यांचा कोणाला उपद्रव नाहीं. पुढच्या जाड दांड्याचें मात्र तसें नाहीं. तो आजचा वरूथ खरा. पण धडकेचा धक्का शोषून घेण्याची जी योजना कारखानदारानें गाडीच्या तोंडांत केलेली असते ती त्यामुळें निष्फळ होते, हवेची पिशवी वेळेवर फुगण्यास अडथळा येऊं शकतो, आणि समोर सांपडलेल्या पादचाऱ्याला तर तो घातकच. केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें असे दांडे लावणाऱ्यांवर कारवाई करण्यास राज्यांना कळविलें, तें याच कारणास्तव. टपावरच्या प्रखर दिव्यांनीं समोरच्याचे डोळे दिपतात. रस्त्यावर ते झांकलेले असावेत.

गाडी उंच केल्यानें गुरुत्वमध्य वर जातो व वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. दुसरी अडचण घरगुती आहे. आमच्या एका पुतण्यानें गाडी तीन इंच उंच केली. आमच्या थोरल्या वहिनींचें वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे. दोन वेळां त्यांना हात धरून वर चढवावें लागलें, तिसऱ्या वेळीं त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी देवाजवळ बसतें." दोन महिने त्या गाडींत बसल्या नाहींत. पुढें पुतण्यानें कोणी न सांगतां गाडी पूर्ववत् केली आणि कंपनीचीच पायरी दाराखालीं लावून घेतली. त्यानें केलेल्या सर्व सुधारणांत ती पायरीच मला सर्वांत मोलाची वाटते.

पाण्याविषयींचा इशारा आमच्या गांवाला निराळा द्यावयास नको. २६ जुलै २००५ चा पूर पुष्कळांनीं पाहिला आहे. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरांत अडकली व हजाराहून अधिक उतारूंना बाहेर काढावें लागलें. नव्या थारला ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोड्या अधिक, पाण्यांतून जातां येतें असें कारखानदार सांगतो. स्नॉर्केल नांवाच्या नळीनें इंजिनाला हवा उंचावरून मिळते, एवढेंच. गाडीची नाव होत नाहीं. उलट आर्किमिडीजच्या नियमानें गाडी जितकें पाणी बाजूस सारते तितक्या वजनानें ती हलकी होते, चाकांची पकड सुटते आणि प्रवाह तिला कडेला लोटतो. वाहत्या पाण्याची खोली डोळ्यांनीं कळत नसेल तर तेथून परत फिरावें, यांतच शहाणपण आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२ अन्वयें, नोंदणीपुस्तकांतील तपशील कारखानदाराच्या मूळ विनिर्देशाशीं विसंगत होतील असा फेरफार करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें याच अर्थाचा निर्णय दिला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागें ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शिवाय न कळविलेल्या फेरफारामुळें विमा कंपनी भरपाई नाकारूं शकते. हा कायदा कोणाला कोरडा वाटेल. परंतु अपंग व्यक्तीच्या सोयीसाठीं गाडींत फेरफार करण्यास त्यांत मुद्दाम वाट ठेवलेली आहे. ज्या बदलाला खरी गरज आहे त्याला कायदा जागा देतो, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे.

यास्तव क्रम असा असावा : आधीं कारखानदारानें आपल्याच गाडीसाठीं मान्य केलेले भाग कोणते तें विचारावें, शंका असेल तर कल्याणच्या परिवहन कार्यालयांत चौकशी करून लेखी उत्तर घ्यावें, विमा कंपनीला कळवावें, आणि मग पाना हातीं घ्यावा. जो टायर मूळ मडगार्डाखालीं मावत नाहीं तो बहुधा त्या गाडीचा नव्हेच, हाहि एक सोपा निर्णय आहे.

घरांतील वडील मंडळींनीं तरुणांची हौस सरसकट मोडूं नये. ज्याला आपल्या गाडीचा एकेक बोल्ट ठाऊक आहे तो ती सहसा बेपर्वाईनें हांकीत नाहीं. तरुणांनींहि नव्या भागांची यादी करतांना प्रत्येकापुढें एक प्रश्न लिहावा : यानें माझ्या मागून येणाऱ्याचें काय होईल? त्या यादींत रबरी झडप व वहिनींची पायरी राहिली, तर बाकीचे भाग थोडे कमी झाले तरी चालतील.